हरकत असल्यास कळवावी

४ सप्टेंबर

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत, कुणी पडलं-झडलं नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला "हो हो, बरोबर आहे" म्हणता आणि फोन ठेवल्यावर मला कळत नाही, तुम्हाला पटलं की ऐकूच आलं नाही. त्यात तुमची सूनबाई, म्हणजे माझी लेक, मध्येच फोन ओढून घेते आणि विचारते, आई, गोळ्या घेतल्यास का. म्हणून कागद घेऊन बसले.

काम आहे, आणि ते नडीचं आहे. आमच्या ग्रॅनाइटच्या खाणीची पर्यावरण परवानगी या वर्षअखेरीला संपते. नवी मिळाली नाही तर जानेवारीत क्रेन उभी ती उभीच. अर्ज मी वेळेत केला होता. सल्लागार बाई नेमल्या. त्यांनी उन्हाळ्यात यंत्रं आणून धूळ मोजली, आवाज मोजला, खालच्या वस्तीतल्या विहिरींचं पाणी मोजलं. उशाला घेता येईल एवढा जाड अहवाल झाला. आणि परवानगी कार्यालयाने तो परत पाठवला. वर शेरा, "नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत."

म्हणजे मी खोटारडी? हे गेल्यापासून इतकी वर्षं खाण चालवते, एक दगड कधी हद्दीबाहेरचा काढला नाही. सल्लागार बाई तर रडकुंडीला आल्या आहेत, त्यांचं नाव काळ्या यादीत टाकू म्हणतात. आणि चाळीसेक घरं या खाणीवर चालतात. क्रेनवाल्याला दुसरीकडून बोलावणं आलंय. तो अजून गेला नाही, पण रोज सकाळी माझ्या तोंडाकडे बघतो.

तुम्ही त्याच खात्यात जन्म काढलात. तुमचे हाताखालचे आता मोठ्या खुर्च्यांवर असतील. एक शब्द टाका. माझ्यासाठी नको, त्या चाळीस घरांसाठी टाका.

लेकीला यातलं काही सांगू नका, उगाच धावत येईल.

तुमची विहीण


१३ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्यावर खोटेपणाचा शेरा यावा याचं मला फार वाईट वाटलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आमच्या चिरंजीवांच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर तुम्ही म्हणाला होतात की मुलगा बरा आहे पण बूट भयंकर आहेत. ते खरंच भयंकर होते.

पण शब्द टाकायचा म्हणाल, तर ते माझ्याने होणार नाही. नोकरीत असताना दुसऱ्यांचे शब्द मी झेलले नाहीत, आता माझे कुणी झेलावेत असं म्हणायला तोंड नाही. रागावू नका. त्याऐवजी एक करतो. तुमचा अहवाल आणि कार्यालयाचा शेरा असलेलं पत्र, दोन्ही पाठवा. मी ओळ न् ओळ वाचतो. आवाज आणि हादरे हे माझंच टेबल होतं, त्यामुळे निदान तेवढं तरी मला कळेल.

ही गेली त्या वर्षी तुम्ही तुमची खाण मुकादमावर टाकून महिनाभर आमच्याकडे राहिलात. मला डाळ-भाजी करायला शिकवलीत. नाहीतर मी, चिरंजीव आणि सूनबाई तिघेही बिस्किटांवर जगत होतो. ते विसरलो असेन असं समजू नका.

इकडे सगळे बरे. माझा उजवा खांदा जरा धरला आहे, वयाचं आहे. गॅलरीतलं तुम्हाला आवडणारं मोगऱ्याचं झाड तुम्ही मागच्या वेळी गेल्यावर वाळलं. ऊन फार झालं असावं. स्वयंपाक अजून माझ्याकडेच आहे, सूनबाई आणि चिरंजीव दोघेही संध्याकाळी दमून येतात. तुम्ही पाठवलेला काळा ओटा रोज पुसतो. लोक बघायला येतात.

आपला व्याही


२० सप्टेंबर

व्याहीबुवा,

कागद पाठवले आहेत. वाचा.

खांद्याला कोमट तेल लावत जा.

विहीण


२९ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. दोन ओळींत तुम्ही किती रागावू शकता, हे पाहून थक्क झालो. तरी तेल लावलं.

अहवाल वाचला. आता स्पष्ट लिहितो. मी त्या खुर्चीत असतो, तर हाच शेरा मारला असता.

खालच्या वस्तीत ज्या शिंपीणबाईंच्या गच्चीवर धूळ मोजायचं यंत्र ठेवलं होतं, तिथली धूळ आमच्या घरातल्या बंद कपाटापेक्षा कमी आहे. खाण चालू असताना! वस्तीतला भरदुपारचा आवाज वाचनालयातल्यापेक्षा कमी. आणि ऐन उन्हाळ्यात विहिरींचं पाणी उतरायच्या ऐवजी चढलेलं. कार्यालयातल्या माणसाला वाटणार की हे आकडे टेबलावर बसून लिहिले.

पण सल्लागार बाईंच्या नोंदी मी तपासल्या, त्या प्रामाणिक दिसतात. खाडाखोडसुद्धा जागच्या जागी आहे. खोटं लिहिणारा माणसाला पटेल असं लिहितो. इतकं चमत्कारिक खरंच घडल्याशिवाय कुणी लिहीत नाही. म्हणून विचारतो. मोजणी चालू होती तेव्हा खाणीवर आणि वस्तीत नेमकं काय चाललं होतं? तुम्हाला क्षुल्लक वाटेल तेही लिहा. राग असला तरी लिहा.

आपला व्याही


६ ऑक्टोबर

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

राग होता, आता अर्धाच उरला आहे. तुम्ही म्हणालात नोंदी प्रामाणिक आहेत, ते सल्लागार बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले.

मोजणीच्या वेळी काय चाललं होतं विचारता? अहो, काय सांगू! माझ्या माणसांचा मला इतका अभिमान वाटला की तुम्ही असायला हवं होतं. यंत्रं आली आणि सगळी वस्ती पाहुणे आल्यासारखी कामाला लागली. मुकादमाने खाणीचा रस्ता सकाळ-संध्याकाळ टँकरने भिजवून काढला. एरवी त्याला भिजव म्हटलं तर त्याची कंबर दुखते. आवाज मोजणाऱ्या बाई आल्या की तो वरून लाल फडकं दाखवायचा. मग कॉम्प्रेसर बंद, करवत बंद, क्रेनवाला तर चपला काढून चालायचा. का रे, विचारलं तर म्हणाला, त्यांना त्यांचं काम शांतपणे करू द्यायला नको का?

खालच्या सुताराने आपला कटर बंद ठेवला. विहिरीवर बायका पाण्याला जाईनात, मोजणाऱ्यांची पट्टी हलेल म्हणून लांबच्या नळावरून आणायच्या.

आणि शिंपीण! तिच्या मायेला तर तोड नाही. ते धुळीचं यंत्र महागाचं, आणि आमच्या खाणीपायी गच्चीवर सारखी धूळ. तिच्या जिवाला लागून राहिलं की परक्याची वस्तू आपल्या घरी खराब होणार. तिने मापं घेऊन यंत्राला दुहेरी कापडाची खोळ शिवली. वर नाडी, कडेला पट्टी, गरम होऊ नये म्हणून खालून मोकळी. सल्लागार बाई यायच्या आधी खोळ काढून, यंत्र ओल्या फडक्याने पुसून, चकचकीत करून ठेवायची. बाईंना कधी कळलंही नाही.

सांगा, अशी माणसं मिळतात का कुठे? ज्या वर्षी पुराने त्यांचा पूल वाहून गेला, त्या वर्षी ह्यांनी खाण बंद ठेवून सगळा दगड आणि सगळी माणसं तिकडे लावली होती. ते ती माणसं अजून विसरली नाहीत. लिहिताना ऊर भरून आला.

तुमची विहीण


१२ ऑक्टोबर

विहीणबाई,

आधी माफी मागतो. तुमचं पत्र वाचून मी एवढा हसलो की शेजारचे विचारायला आले. मग सूनबाईंनी विचारलं काय झालं, तर मला फक्त "खोळ" एवढंच म्हणता आलं.

अहो, धूळ मोजायच्या यंत्राला खोळ घातली! ते यंत्र हवा ओढतं आणि धूळ आतल्या कागदावर धरतं. धूळ बसावी म्हणूनच ते तिथे ठेवलेलं होतं. पस्तीस वर्षांत मी लाच पाहिली, दमदाटी पाहिली, यंत्र चोरीला गेलेलं पाहिलं. मायेपोटी यंत्राला कपडे शिवलेले पहिल्यांदा ऐकतो आहे.

आता हसू बाजूला ठेवून लिहितो. कार्यालयाने शेरा मारला हे तुमचं नशीब समजा. या नोंदी त्यांनी मान्य केल्या असत्या तर परवानगीतल्या अटी त्यांच्यावरच बेतल्या असत्या. पहिल्या दिवशी पहिला ट्रक रस्त्यावर आला की तुमच्याकडून अटींचा भंग. महिन्यात खाणीला कुलूप. तुमच्यावर जीव टाकणाऱ्या माणसांनी तुमची खाण बुडवत आणली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

उपाय एकच आहे. जे घडलं ते जसंच्या तसं कार्यालयाला लिहून द्या. खोळीसकट. हसतील, हसू द्या. फेरमोजणी मागा. आणि वस्तीला सांगा, यंत्राला हात लावायचा नाही, रोज जगता तसं जगा. नंतर जनसुनावणी होईल, तेव्हा ज्याला जो त्रास आहे तो त्याने उभं राहून बोलावा.

आपला व्याही


९ नोव्हेंबर

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

लिहून दिलं. कार्यालयातल्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि फेरमोजणीला होकार दिला. सल्लागार बाई सुटल्या. तुमचे हे उपकार त्या जन्मभर विसरणार नाहीत, मीही नाही. माझा उरलेला अर्धा राग गेला, असं समजा.

शिंपीण मात्र कोमेजली. खोळ काढायला गच्चीवर गेली आणि तिथेच बसून राहिली. मी म्हटलं, अगं, तुझ्या खोळीमुळेच वाचलो. तिला वाटलं मी टोमणा मारते.

मोजणी झाली. यंत्राचा कागद काळा-करडा निघाला. मी तो दोनदा बघितला. पण तेही जाऊ द्या. खरी पंचाईत पुढेच आहे. जनसुनावणीत बोलायला कुणी तयार नाही! मी दारोदार फिरते, बाबांनो, माझ्याविरुद्ध काहीतरी बोला. सुतार म्हणतो, "ताई, तुमच्याविरुद्ध बोलायच्या आधी जीभ झडेल." म्हातारा गवळी म्हणतो, "आम्हाला ठार बहिरं समजा, पण हे सांगू नका." मतं मागणाऱ्यांना एवढं फिरावं लागत नसेल.

मला विचाराल तर त्यांना त्रास नाहीच. असता तर इतक्या वर्षांत एकाने तरी चकार शब्द काढला असता. तुमच्या खात्याला उगाच संशय घ्यायची सवय.

तुमची विहीण


१६ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

कागद काळा निघाला, तर ती धूळ कुणाच्या तरी घरात जात असणार. एवढंच सुचवतो.

शिंपीणबाईंकडे पुन्हा जा. यावेळी काही मागू नका. नुसत्या जाऊन बसा.

खांदा तसाच आहे. काळजीचं कारण नाही.

आपला व्याही


५ डिसेंबर

व्याहीबुवा,

झाली तुमची जनसुनावणी. समाधान झालं असेल.

शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे अधिकारी, बाजूला मी. अधिकाऱ्यांनी विचारलं, कुणाची हरकत? सगळे जमिनीकडे बघत बसले. मला वाटलं सुटले. तेवढ्यात शिंपीण उठली. हातात तीच खोळ.

म्हणाली, "साहेब, ताईंनी आमच्यासाठी खूप केलंय, ते आधी लिहून घ्या. लिहिलंत? आता हे लिहा. मी पांढरं कापड शिवायला घेत नाही. घेतलं तर दुपारपर्यंत राखाडी होतं. पूर्वी नवरीचे कपडे शिवायची, पांढरे, झालरीचे. त्यातच माझा हात बसला होता. ते सोडून किती वर्षं झाली, आता शाळेचे गणवेश शिवते, खाकी. खाकीवर दिसत नाही." एवढं बोलून ती बसली. मग मला म्हणाली, "ताई, रागावलात?"

आणि मग बांधच फुटला. सुतार उठला, सुरुंगाच्या हादऱ्याने डिंकाने जोडलेले सांधे सुटतात, म्हणून तो खिळे मारतो आणि लोक त्याला अडाणी कारागीर म्हणतात. गवळ्याची सून उठली, सुरुंगाची वेळ नक्की नसते म्हणून तान्हं बाळ दिवसभर दचकतं. जी माणसं माझ्या पायरीवर बसून चहा पितात, ती एकेक करून उठत होती. मी मान खाली घालून बसले होते.

घरी आल्यावर ताट तसंच झाकून ठेवलं. माझ्याच माणसांना तुम्ही माझ्यावर सोडलंत. इतकी वर्षं मी समजत होते की ही माणसं मला आपली मानतात. ती तर माझी भीड धरून गप्प होती. आता कुणाच्या दारात जायचं तोंड राहिलं नाही.

तुम्ही नुसता शब्द टाकला असतात तर हे ऐकावं लागलं नसतं.

विहीण


१२ डिसेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचा राग वाजवी आहे. मी दिलेला सल्ला तुम्हाला असा लागेल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण एक सांगतो. सुनावण्या मी शेकड्याने पाहिल्या. माणसं शिव्या देतात, टेबलं उलथतात. "आधी यांनी केलेलं चांगलं लिहून घ्या, लिहिलंत का?" असं म्हणून हरकत घेणारं माणूस मी एकदाही पाहिलं नाही. परक्याविरुद्ध बोलायला त्या शिंपीणबाईंना खोळ हातात घेऊन यावं लागलं नसतं. ती त्यांनी धीरासाठी धरली असणार.

तुम्ही त्यांना आवडता म्हणून त्या इतकी वर्षं गप्प होत्या. आणि तुम्ही दारोदार जाऊन बोला बोला म्हणालात म्हणून त्या बोलल्या. तुम्हाला आज अपमान वाटतो आहे. मला तुमचा अभिमान वाटतो.

पत्राचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. सूनबाईंकडून खुशाली कळते.

आपला व्याही


२० फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार.

दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी रागाने, मग लाजेने, आणि मग सवड नव्हती म्हणून.

परवानगी मिळाली! पहिलं पत्र तुम्हालाच लिहिते आहे, लेकीला अजून सांगितलेलं नाही.

सगळा जानेवारी खाण मुकी होती. इतकी शांतता मी लग्न होऊन आल्यापासून इथे ऐकली नव्हती. क्रेनवाला रोज यायचा, क्रेनला तेलपाणी करायचा आणि घरी जायचा. मला राहवेना. एक दिवस शिंपिणीकडे गेले, तुम्ही सांगितलं होतंत तशी नुसती जाऊन बसले. ती मशीनवर काहीतरी शिवत होती. मला बघून कापड लपवायला लागली. मी ओढून बघितलं, तर पांढरं! म्हणाली, "ताई, खाण बंद आहे ना, म्हटलं हात आठवतोय का बघावं." झालर अशी घातली होती की मी बोटाने नुसती चाचपत बसले. मग मी रडले, मग ती रडली, मग आम्ही चहा प्यालो. धुळीसाठी रागावलेली नव्हती हो ती. मला वाईट वाटेल याचंच तिला ओझं होतं.

तिथे बसूनच आम्ही दोघींनी ठरवलं काय काय बदलायचं, आणि सल्लागार बाईंनी ते अर्जाला जोडलं. ट्रकचा रस्ता आता डोंगरामागून. खाणीच्या रस्त्याला कायमचे पाण्याचे फवारे. सुरुंग कमीत कमी, आणि तोही ठरलेल्या वेळी, आधी भोंगा वाजवून. बाकी सगळं तारेच्या करवतीने. आणि वस्तीकडच्या बाजूचा टप्पा कायमचा सोडायचा, तिथे झाडं. तो टप्पा सोडताना जीव तुटला, खरं सांगते. आमचा सगळ्यात चांगला काळा दगड तिथलाच. तुमचा ओटा त्यातलाच आहे, ह्यांनी शेवटची निवडलेली लादी. आता तसा दगड पुन्हा निघायचा नाही. तुमच्याकडे आहे तेवढाच.

कालपासून खाण चालू आहे. क्रेनवाल्याने पहिला दगड उचलताना भोंगा उगाचच दोनदा वाजवला. खाली सुतार डिंकाने सांधे जोडतोय. शिंपिणीने दारावर पाटी लावली, "पांढरे कपडे शिवून मिळतील." दुपारी मी मुद्दाम जाऊन कापडावर बोट फिरवून आले. बोटाला थोडी धूळ आलीच. ती म्हणाली, "ताई, थोडी अजून आहे हं." लगेच सांगितलं! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मुकादमाला तिथूनच फोन केला.

तुमचे आभार कसे मानू? शब्द टाकला असतात तर परवानगी कदाचित मिळाली असती, पण त्या पांढऱ्या कापडाचं मला मरेपर्यंत कळलं नसतं. तुमच्यामुळे खाण राहिली आणि माणसंही राहिली.

एकच घोर लागला आहे. माझी भीड धरून अजून कोण कोण काय काय गिळून बसलं असेल? मी मोठ्याने बोलते, हौसेने देते, समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. आता मी ऐकायला शिकले आहे.

तुमची कृतज्ञ विहीण


३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

अभिनंदन. पत्र मी सूनबाईंना आणि चिरंजीवांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे. तुमच्या वस्तीतल्या शिंपीणबाईंचं धैर्य मला नाही. पण त्या उभ्या राहू शकतात, तर खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला बसून लिहायला काय हरकत आहे?

आधी हे लिहून घ्या. ही गेली तेव्हा तुम्ही आलात. ज्या स्वयंपाकघरात मला पाऊल टाकवत नव्हतं, तिथे तुम्ही पदर खोचून उभ्या राहिलात आणि मला बाजूला उभं केलंत. "आज फक्त कांदा चिरा," म्हणालात. दुसऱ्या दिवशी फोडणी. त्या महिन्यात तुम्ही मला माणसात आणलंत. जाताना ओट्याचं माप घेऊन गेलात आणि तो दगड पाठवलात. माझ्या घरात त्याच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. लिहिलंत?

आता हे लिहा. ओटा उंच आहे.

तुम्ही माप स्वतःच्या कमरेपासून घेतलंत. तुम्ही उंच, सूनबाई तुमच्यावर गेलेल्या, त्यांना तो बरोबर होतो. पण स्वयंपाक मी करतो, आणि मी केवढा आहे ते तुम्ही पाहिलं आहे. लग्नातल्या फोटोत मला पुढच्या रांगेत पोरांबरोबर उभं केलं होतं. इतकी वर्षं मी पाटावर उभा राहून भाजी परततो. हात वर धरून धरून खांदा गेला. मागच्या वर्षी पाट घसरला आणि मी पडलो, ते तुम्हाला कळवू नका म्हणून मीच दोघांना शपथ घातली होती. तुम्ही आलात की पाट पलंगाखाली जातो.

तुमच्या यजमानांनी शेवटची निवडलेली लादी, म्हणून आधी बोललो नाही. आता तो दगड पुन्हा निघायचा नाही असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा तर वाटलं की पाटावरच आयुष्य काढावं. त्या दगडाला कुणी हात लावावा असं माझ्या मनातही नाही. फक्त तुम्ही विचारलंत, म्हणून कळवलं.

रागावलात?

आपला व्याही


८ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं पत्र वाचून मी आधी कपाळाला हात लावला. मग रडले. मग मुकादमाला वाचायला दिलं, तो हसत सुटला, मग मीही हसले.

अहो भल्या माणसा, दगडाला हात कशाला लावायचा? लादी खालच्या पायांवर नुसती टेकवलेली असते. लादी उचलायची, खालच्या विटांचा एक थर काढायचा, लादी परत ठेवायची. अर्ध्या दिवसाचं काम! त्यासाठी तुम्ही खांदा घालवलात, पडलात, आणि माझ्या लेकीला शपथा घातल्यात. पस्तीस वर्षं हादरे मोजलेत, ओटा कसा उभा असतो हे एकदा वाकून बघितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

येत्या रविवारी मी, मुकादम आणि क्रेनवाला येतो. क्रेनवाल्याला काही काम नाही, पण लादी त्याच्याशिवाय कुणी उचलायची नाही असं त्याचं म्हणणं आहे. शिंपीण तुमच्यासाठी पांढरा सदरा शिवून देते आहे, मापं लेकीकडून मागवली. ओट्याचं माप या वेळी तुमच्या कमरेपासून घेईन. नंतर मी तिथे उभी राहिले की मला वाकावं लागेल. खुशाल वाकेन. ज्या घरात मला खरं सांगतात, तिथे वाकायला मला काही कमीपणा नाही.

पाट माझ्यासाठी ठेवा, मला खाणीवर बसायला होईल.

आता माझीही एक हरकत नोंदवून घ्या. तुम्ही मला प्रत्येक वेळी प्रेमाने चहा करून देता आणि मी "वा!" म्हणते. व्याहीबुवा, तो चहा नसतो, पाक असतो. तुमची पाठ वळली की मी तो गॅलरीतल्या मोगऱ्याला घालत आले. उन्हाचा त्यात काही दोष नाही.

नवा मोगरा घेऊन येते. रविवारी चहा तुम्हीच करायचा, आपल्या उंचीच्या ओट्यावर, आणि साखर मी सांगेन तेवढीच.

तुमची विहीण